नेट गेलं तरी वेळ चुकू नये: क्रोनी वापरून सगळी घड्याळं एका वेळेवर आणण्याची पद्धत

कापसाच्या हंगामात परभणी-जालन्याकडच्या एखाद्या जिनिंगवर वजनाचा वाद निघाला, की पहिली मागणी होते काट्यावरच्या कॅमेऱ्याच्या फुटेजची. पावतीवर वेळ ११:४२. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये ११:४२ लावून बघावं, तर काट्यावर दुसराच ट्रॅक्टर उभा. पावती छापणारा संगणक, डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र, तिघांची घड्याळं तीन तऱ्हेची. पाच-दहा मिनिटांचा फरक एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. येतो तो वादाच्या दिवशीच. पतसंस्था, लातूरचे क्लासेस, तालुक्याच्या कॉलेजमधली संगणक प्रयोगशाळा, सगळीकडे हेच दुखणं आहे.

सहसा सुचवला जाणारा उपाय असा, की प्रत्येक यंत्राला इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरचा पत्ता देऊन टाकावा. लाइट गेली की नेटही जातं अशा गावांत तो पुरत नाही. नेट गेलं की प्रत्येक यंत्र पुन्हा आपापल्या घड्याळावर चालू लागतं. त्यामुळे आम्ही आधी कार्यालयातली सगळी घड्याळं आपसात जुळवायला सांगतो, आणि मग भारतीय प्रमाणवेळेशी. त्यासाठी आत एकच यंत्र वेळ सांभाळणारं ठेवायचं, आणि त्यावर क्रोनी हे मुक्त सॉफ्टवेअर चालवायचं. बाहेरून वेळ तेवढंच आणेल, बाकी सगळे त्याला विचारतील.

एक सूचना आधीच: या लेखात आज्ञा आणि फाइलीतल्या ओळी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अंकांत आणि, वेगळं सांगितलं नसेल तर, इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या. स्पेलिंग चुकण्यासारखं असेल तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

सॉफ्टवेअर कोणतं

नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची एनटीपी ही पद्धत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली. आज चालते ती चौथी आवृत्ती २०१० ची. ती वापरणारी मुक्त सॉफ्टवेअर बरीच आहेत. जुनं एनटीपीडी, त्यातून निघालेलं एनटीपीसेक, ओपनएनटीपीडी, आणि लिनक्ससोबत येणारं सिस्टमडी-टाइमसिंकडी. शेवटचं फक्त वेळ घेतं, दुसऱ्यांना देत नाही, म्हणून आपल्या कामाचं नाही.

आम्ही क्रोनी सुचवतो. स्पेलिंग सी-एच-आर-ओ-एन-वाय. रिचर्ड कर्नो यांनी ते लिहायला घेतलं तेव्हाच अधूनमधून जोडणी मिळणारे संगणक त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि मराठवाड्यातल्या नेटला तेच लागू पडतं. मोठा फरक चूक भरून काढण्याच्या वेगात आहे. घड्याळ हळूहळू सरकवत दुरुस्त करायचं झालं, तर एनटीपीडीला १ सेकंद भरून काढायला सुमारे २००० सेकंद लागतात. लिनक्सवर क्रोनी तेच काम मूळ मांडणीत १२ सेकंदांत करतं.

यंत्र आणि जागा

जुना ड्युअल कोअर संगणक आणि २ जीबी रॅम भरपूर झाली. रास्पबेरी पाय हा हातात मावणारा छोटा संगणकही चालतो, पण चौथ्या मॉडेलपर्यंतच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की त्याला वेळ आठवत नाही. त्याला डीएस३२३१ चं छोटं मॉड्यूल जोडा. चारच तारा लागतात: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. मग बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलीत 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' ही ओळ घाला. हे मॉड्यूल ० ते ४० अंश तापमानात दशलक्षात २ भागांपेक्षा जास्त चुकत नाही, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर.

साध्या मदरबोर्डवरचं घड्याळ इतकं खात्रीचं नसतं. त्यातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास नीट चालतो. त्यापेक्षा गरम किंवा थंड झाला की मागे पडतो. ४५ अंशांना ही घट दशलक्षात १३-१४ भागांपर्यंत जाते, म्हणजे दिवसाला सेकंदापेक्षा थोडं जास्त. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बंद पडून राहिलेला संगणक महिन्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे पडला, तर त्यात नवल नाही. म्हणून हे यंत्र सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवा आणि शक्यतो बंद करू नका.

मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मल्टिमीटरने मोजा. नवी ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवते, २.८ च्या खाली गेली असेल तर लगेच बदला. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' वर ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल. यूपीएसवर संगणकासोबत नेटवर्कचा स्विच आणि राउटरही घ्या. पुष्कळ ठिकाणी संगणक यूपीएसवर असतो आणि स्विच साध्या बोर्डावर. मग वेळ सांभाळणारं यंत्र जागं, पण त्याला कुणी विचारू शकत नाही.

यंत्राला पक्का आयपी पत्ता द्या. पुढे आपण १९२.१६८.१.१० धरला आहे. राउटर जे पत्ते आपोआप वाटतो त्यांच्या बाहेरचा निवडा, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला जाईल.

बसवणं आणि मांडणी

डेबियन किंवा उबुंटू धरून चालू. आधी वेळेचा पट्टा: 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता'. दुसऱ्या नावाचं स्पेलिंग के-ओ-एल-के-ए-टी-ए. या दोन्ही नावांचं पहिलं अक्षर मोठं टाइप करा. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रोनी'. यासोबत सिस्टमडी-टाइमसिंकडी आपोआप निघून जातं आणि ते बरंच आहे. एकाच घड्याळाला दोन सॉफ्टवेअर ओढू लागली तर कुणाचीच वेळ टिकत नाही. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात 'डीएनएफ इन्स्टॉल क्रोनी'. तिथे सेवेचं नाव शेवटी डी लावून क्रोनीडी असतं.

मांडणीची फाइल डेबियन-उबुंटूत /ईटीसी/क्रोनी/क्रोनी.कॉन्फ, रेड हॅटकडे /ईटीसी/क्रोनी.कॉन्फ. त्यात 'पूल' ने सुरू होणाऱ्या आधीच्या ओळींपुढे # लावून त्या बंद करा आणि या घाला:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट मॅक्ससोर्सेस २
मेकस्टेप १ ३
आरटीसीसिंक
अलाउ १९२.१६८.१.०/२४
लोकल स्ट्रॅटम १०

'ड्रिफ्टफाइल' ची ओळ फाइलीत आधीच असते, ती तशीच राहू द्या. आपलं घड्याळ किती पुढे-मागे पळतं याची नोंद क्रोनी तिथे ठेवतं. 'समय' चं स्पेलिंग एस-ए-एम-ए-वाय. आयबर्स्ट म्हणजे आय-बी-यू-आर-एस-टी. त्यामुळे सुरुवातीला चार ते आठ प्रश्न लागोपाठ विचारले जातात आणि वेळ काही सेकंदांत जुळते.

पहिले दोन सर्व्हर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे. तिसरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा. भारतीय प्रमाणवेळ जपणारी संस्था हीच. 'पूल' ची ओळ यांत आणखी दोन सर्व्हरांची भर घालते, आणि 'अलाउ' ची ओळ आपल्या कार्यालयातल्या पत्त्यांना वेळ विचारू देते. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या आणि सरकारी संस्थांना याच दोघांशी, किंवा त्यांच्याशी धागा जुळणाऱ्या सर्व्हरांशी, घड्याळं जुळवायला सांगितलं आहे.

सर्व्हर किमान चार ठेवा. दोनच ठेवले आणि दोघांत फरक पडला, तर खरा कोणता हे क्रोनीला ठरवता येत नाही. तीन असले की दोघे मिळून तिसऱ्याला खोटं ठरवतात, चार असले की एक बंद पडला तरी तीन उरतात. गूगलचा वेळेचा सर्व्हर यांच्यात मिसळू नका. लीप सेकंद, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, आला की तो सर्व्हर त्या सुमारास एक सेकंद चोवीस तासांवर पसरवतो आणि बाकीच्यांपेक्षा वेगळं सांगू लागतो. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरचा, पण मांडणी एकदा केली की वर्षानुवर्षं तशीच राहते.

'मेकस्टेप १ ३' चा अर्थ: फरक १ सेकंदापेक्षा जास्त असेल तर पहिल्या ३ दुरुस्त्यांपर्यंत घड्याळ एकदम उडी मारून नीट करा, त्यानंतर फक्त हळूहळू सरकवा. ही मोजणी दुरुस्त्यांची आहे. त्यामुळे यंत्र सकाळी सुरू झालं आणि नेट दुपारी आलं, तरी उडी मारण्याची मुभा शिल्लक असते. ही ओळ विसरली आणि घड्याळ तासभर चुकलेलं असलं, तर क्रोनी बारा तास ते सरकवत बसेल.

आरटीसीसिंक लिहिल्यावर लिनक्स दर ११ मिनिटांनी मदरबोर्डवरच्या घड्याळात खरी वेळ लिहीत राहतं. अचानक लाइट गेली तरी ते घड्याळ ताज्या वेळेपासून पुढे चालतं.

'लोकल स्ट्रॅटम १०' या ओळीवर सगळी योजना उभी आहे. ती नसेल तर बाहेरचा कुणी सापडेनासा झाल्यावर क्रोनी काही काळाने खात्रीची वेळ देईनासं होतं. ती असली की नेट नसतानाही आपल्या घड्याळाची वेळ ते सगळ्यांना देत राहतं, स्वतःला दहाव्या पायरीवर, म्हणजे कमी विश्वासाच्या जागी ठेवून. सगळे मिळून दिवसाला एखादा सेकंद चुकले, तरी एकत्र चुकतात. पावती आणि फुटेज जुळतात.

यात धोकाही आहे. बॅटरी मेलेली, नेट नाही, आणि यंत्र नुकतंच सुरू झालं, तर तेच यंत्र चुकीचं वर्ष साऱ्या कार्यालयाला वाटू लागेल. बॅटरीवर एवढा जोर दिला तो यासाठी. क्रोनीच्या ४.६ आवृत्तीपासून या ओळीच्या शेवटी 'ॲक्टिव्हेट ०.५' असं लिहिता येतं. मग सुरू झाल्यावर एकदा तरी बाहेरून खरी वेळ मिळेपर्यंत हा मार्ग बंद राहतो. 'क्रोनीडी -व्ही' ने आवृत्ती बघा. जुन्या आवृत्तीत हा शब्द घातला तर सेवा सुरूच होणार नाही.

फाइल जतन करून 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट क्रोनी'. फायरवॉल चालू असेल तर: 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट १२३ प्रोटो यूडीपी'. एनटीपी यूडीपीवर चालतं. टीसीपी १२३ उघडून काही मिळणार नाही.

चाललंय का, ते वाचायला शिका

'क्रोनीसी सोर्सेस' ही आज्ञा द्या. शेवटी सी आहे, डी नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन खुणा दिसतात. पहिली ^ म्हणजे सर्व्हर. दुसरी महत्त्वाची: * म्हणजे सध्या निवडलेला, + म्हणजे त्याच्या जोडीला धरलेला, - म्हणजे ठीक पण बाजूला ठेवलेला, ? म्हणजे अजून भरवसा नाही किंवा उत्तरच नाही, आणि एक्स म्हणजे बाकीच्यांच्या मते खोटी वेळ सांगणारा.

'रीच' चा रकाना बघून नेटची तब्येत कळते. शेवटच्या आठ प्रश्नांपैकी कितींना उत्तर आलं, हे तो आठच्या पायातल्या संख्येत दाखवतो. नुकतं सुरू केलं की १, मग ३, ७, १७, ३७, ७७, १७७ आणि शेवटी ३७७. ३७७ म्हणजे आठही उत्तरं आली. ३७७ नंतर ३७६ दिसलं तर अगदी अलीकडचं एक उत्तर हुकलं. सगळ्यांचाच रीच ० राहिला, तर राउटर किंवा नेट देणारी कंपनी पोर्ट १२३ अडवत असण्याची शक्यता मोठी. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पुन्हा बघा, लगेच कळेल. 'पोल' मध्ये ६ दिसलं तर दर ६४ सेकंदांनी विचारणा, १० दिसलं तर दर १०२४ सेकंदांनी.

'क्रोनीसी ट्रॅकिंग' मध्ये तीन ओळी वाचा. 'सिस्टम टाइम' म्हणजे आत्ता किती फरक आहे. 'फ्रीक्वेन्सी' म्हणजे आपलं घड्याळ मुळात दशलक्षात किती भाग पुढे किंवा मागे पळतं. १ भाग म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. 'लीप स्टेटस' पुढे 'नॉर्मल' हवं. तिथे 'नॉट सिंक्रोनाइज्ड' असेल तर पुढची पायरी घेऊ नका.

फोर-जी डोंगलवर चालत असाल तर मिलिसेकंदांच्या मागे लागू नका. प्रश्न जायला ८० मिलिसेकंद आणि उत्तर यायला २० लागले, तर क्रोनी दोन्ही बाजू सारख्याच धरतं आणि घड्याळ ३० मिलिसेकंद चुकतं. कोणतंही सॉफ्टवेअर ही चूक आतून ओळखू शकत नाही. वजनाच्या पावतीला मात्र ती अजिबात अडचणीची नाही.

विंडोजचे संगणक

वजनकाट्याचा किंवा हिशोबाचा संगणक बहुधा विंडोजवरच असतो. वेळ बदलण्याआधी ते सॉफ्टवेअर बंद करा. चालू नोंदींच्या मधेच घड्याळ मागे गेलं तर दोन पावत्यांचा क्रम उलटा पडतो.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'सर्व्हिसेस' मध्ये 'विंडोज टाइम' ऑटोमॅटिक करून सुरू करा, मग:

डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:१९२.१६८.१.१० /सिंकफ्रॉमफ्लॅग्स:मॅन्युअल /अपडेट
डब्ल्यू३२टीएम /रीसिंक
डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:१९२.१६८.१.१० /सॅम्पल्स:५ /डेटाओन्ली

तिसरी आज्ञा दोन्ही घड्याळांतला फरक पाच वेळा मोजून दाखवते. उत्तराऐवजी चुकीचा कोड आला, तर सर्व्हरवर 'सुडो क्रोनीसी क्लायंट्स' बघा. तिथे या संगणकाचा पत्ता नसेल तर प्रश्न पोचतच नाही, म्हणजे फायरवॉल. पत्ता असून उत्तर मिळत नसेल, तर 'अलाउ' च्या ओळीतला पट्टा तपासा.

रीसिंक करताना फरक फार मोठा असल्याचा निरोप आला, तर बहुधा बॅटरी गेलेली आहे. सुट्या विंडोज संगणकावर फरक १५ तासांपेक्षा जास्त असला की विंडोज मूळ मांडणीत दुरुस्ती नाकारतं. तारीख हाताने नीट लावा, बॅटरी बदला, पुन्हा रीसिंक करा. रजिस्ट्रीत एनटीपीक्लायंटखाली 'स्पेशलपोलइंटरव्हल' मध्ये ६०४८०० दिसला, तर तो आकडा एका आठवड्याचा आहे, ३६०० करा.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर असतील आणि दर वेळी नेमका साडेपाच तासांचा फरक पडत असेल, तर नेटवर्कचा काही दोष नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'टाइमझोनइन्फर्मेशन' खाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाचा डीवर्ड करून त्याची किंमत १ ठेवा.

डीव्हीआर, कॅमेरे, हजेरीचं यंत्र

डीव्हीआरच्या तारीख-वेळेच्या मेनूत एनटीपीचं पान असतं. सर्व्हर १९२.१६८.१.१०, पोर्ट १२३, मध्यंतर ६० मिनिटं, टाइमझोन जीएमटी+०५:३०, डीएसटी (उन्हाळी वेळ) बंद. टाइमझोन आधी लावा. तो चुकीचा ठेवून एनटीपी चालू केलं तर वेळ काही तासांनी सरकते.

बटण दाबण्याआधी एक काम कराच: डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा, आणि फरक तारखेसह रजिस्टरमध्ये लिहा. जुनं फुटेज पुढे पोलिसांकडे किंवा कोर्टात गेलं, तर किती मिनिटं जमा-वजा करायची याचा तेवढाच पुरावा राहतो. घड्याळ मागे येणार असेल तर त्या मधल्या मिनिटांचं रेकॉर्डिंग एकाच वेळेच्या नावाने दोनदा होतं आणि शोधताना गोंधळ उडतो. म्हणून दुरुस्ती काटा बंद असताना, रात्री करा.

आयपी कॅमेऱ्यांत चित्रावर छापली जाणारी वेळ बहुधा कॅमेऱ्याची स्वतःची असते. रेकॉर्डर कॅमेऱ्यांना वेळ देत असेल तर कॅमेऱ्यांत एनटीपी बंद ठेवा. दोघांपैकी एकानेच वेळ द्यावी. हजेरीच्या यंत्रांत एनटीपीची सोय नसली, तर ती ज्या संगणकाच्या सॉफ्टवेअरमधून वेळ घेतात तो संगणक वरच्याप्रमाणे जुळवा आणि सॉफ्टवेअरमधली 'सिंक टाइम' ची आज्ञा रोज सकाळी चालेल असं करा.

नेट आठ-आठ दिवस येत नसेल तर

मग वेळ आकाशातून घ्या. यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर आणि जीपीएसडी हे मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. पत्र्याखाली सिग्नल मिळत नाही. अँटेना किंवा रिसीव्हर बाहेर, आकाश मोकळं दिसेल असा बसवा. क्रोनीच्या फाइलीत ही ओळ वाढवा:

रेफक्लॉक एसएचएम ० रेफआयडी जीपीएस ऑफसेट ०.१ डिले ०.२

यातली 'एसएचएम' ही अक्षरं मात्र मोठी टाइप करा. यूएसबीतून येणारी वेळ दहापासून काहीशे मिलिसेकंदांपर्यंत उशिरा पोचते. नेट असलेल्या दिवशी 'क्रोनीसी सोर्सेस' मध्ये जीपीएसच्या ओळीतला फरक बघा आणि 'ऑफसेट' चा आकडा त्याप्रमाणे कमी-जास्त करा. सेकंदागणिक टिचकी देणारी पीपीएसची तार असलेलं मॉड्यूल घेतलं तर ही चूक मायक्रोसेकंदांवर येते, पण काट्याला त्याची गरज नाही. जीपीएसचा रीच सतत ० दिसत असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/जीपीएसडी ही फाइल उघडा आणि जीपीएसडी_ऑप्शन्सच्या अवतरणचिन्हांत -एन घाला. तो नसेल तर कुणी विचारल्याशिवाय जीपीएसडी रिसीव्हर उघडतच नाही, आणि क्रोनी त्याला कधी विचारत नाही. ते फक्त मेमरीत लिहिलेली वेळ वाचतं.